पीएचडी करताना पगार मिळतो का?

एका ताईंनी विचारलंय, मुलगा नाशिकमधून एमई कॉम्प्युटर झालाय, पीएचडीसाठी आणखी किती लाख साठवायचे? ताई, एक रुपयाही साठवू नका! या विषयात चांगल्या ठिकाणी फेलोशिप, म्हणजे संशोधन करताना दरमहा ठरावीक रक्कम मिळते. यूजीसी-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडे भत्ता वेगळा (हे दर जानेवारी २०२३ पासूनचे). नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर. गेट या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या जोरावर आयआयटीतही जागा मिळते, तिथे प्रयोगशाळेत शिकवण्याचं थोडं काम अंगावर पडतं.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही वेगवेगळ्या समाजगटांसाठी फेलोशिप आहेत. आपण ज्या गटात बसतो त्या संस्थेची जाहिरात बघायची. हे आपल्याकडे कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांना विचारून कळत नाही, स्वानुभव.

आणि गाइड (पीएचडीचे मार्गदर्शक प्राध्यापक) आधी शोधा, कॉलेज नंतर. मुलाला सांगा, त्यांचे अलीकडचे दोन-तीन संशोधन पेपर वाचून मगच मेल टाक. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग’ छापाचे मेल कुणी उघडत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला अपडाऊन करून जमेल का, तर नाही. होस्टेल घ्यावंच लागेल.