डिसेंबरात रोव्हानिएमी ते इनारी गाडीने, जमेल का?

प्रश्न:
मी आणि बायको नाताळात फिनलंडला जातोय, रोव्हानिएमीहून इनारी साधारण सव्वातीनशे किमी आहे ते भाड्याच्या गाडीने करायचं म्हणतोय पण बर्फात कधी चालवली नाही, आयुष्य पुणे-सातारा करण्यात गेलं. टायरला बर्फाच्या चेन लागतात का?

उत्तर १:
चेन नको हो, तिकडे हिवाळ्यात गाडी विंटर टायर लावूनच मिळते, बहुतेकदा खिळेवाले. मॅप चार तास म्हणेल, तुम्ही सहा धरा. खरी भीती रेनडिअरची, आपल्या म्हशींसारखे मधोमध उभे राहतात आणि हॉर्नला ढिम्म हलत नाहीत, एक दिसला की मागे आणखी असणार समजून आधीच स्लो व्हा. ब्रेक कचकन दाबू नका.

उत्तर २:
अंधाराचंही बघा, इनारीला तेव्हा सूर्य उगवतच नाही, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड, बास. रात्री इंजिन हीटरची वायर पार्किंगच्या खांबावरच्या विजेच्या सॉकेटला लावायची, मी पहिल्याच रात्री विसरलो आणि सकाळी उणे 27 मध्ये गाडी हूं की चूं करेना. वाटेत सोदांक्युला गाव लागतं, तिथे टाकी फुल करा.

प्रश्नकर्ता:
म्हशींची प्रॅक्टिस आहे 😄 वायरचं बायकोला सांगून ठेवतो, मी विसरणारच.