तुम्ही काढलेला फोटो, तुमचाच वॉलपेपर आणि लोकांची बोलणी: अनुभव येऊ द्या

रीगलचौक
काल माळ्यावरून जुना सीपीयू काढला. भाच्यानं हार्ड डिस्क जोडून दिली, आणि आत 'वॉलपेपर माझे' नावाचं फोल्डर! २०१० चं. विंडोज सेव्हन आणि रुंद मॉनिटर दोन्ही घरात नवे होते. दर रविवारी आपण काढलेला ताजा फोटो लावायचा, हा माझा नेम.

इंदूरचा राजवाडा लावला त्या दिवशी आजी पोळ्या सोडून आली. स्क्रीनला बोट लावून मजले मोजले. "सहाच? सातवा कुठाय रे?" म्हटलं, बसला नसेल. "चौऱ्याऐंशीच्या आगीत मागचं सगळं गेलं, तरी दर्शनी बाजू सात मजल्यांनिशी उभी राहिली. तू एका खटक्यात वरचा उडवलास!" स्क्रीनवर तिच्या बोटाचे सहा तुपकट ठसे, एकाखाली एक.

तुम्ही काय काय ऐकून घेतलंय? लिहा.

पोहेजिरावन
सिरपूर तलाव, पहाटे साडेपाच, थंडीत कुडकुडत. जांभळी पाणकोंबडी मिळाली. 'विषय मधोमध नको, एक तृतीयांशावर ठेवा' हे नुकतंच वाचलेलं, म्हणून डावीकडे घेतली. ऑफिसात लावला तर बरोब्बर रिसायकल बिनखाली. शेजारचा म्हणे, "भिया, कोंबडी कचऱ्यात का टाकली?" मग फोटोच डावा-उजवा उलटा केला.

अबोली_इंदूर
उलटा करताना जपून हो! मी सराफा बाजारातल्या गराडूवाल्याचा (गराडू म्हणजे तळून खायचा कंद) केला होता. सहा महिने कुणाच्या लक्षात नाही. लेकाला नुकतं वाचता यायला लागलं होतं, तो म्हणाला, "आई, पाटी आरशातली आहे."

मुठेकाठी
गराडू!! पुण्यात कुठे मिळतो का? हिवाळा आला की जीव जातो.

अबोली_इंदूर
कोनफळ आणा, भावंडच आहे. तळून वर लिंबू आणि मसाला. पण तो कुरकुरीतपणा येत नाही, आधीच सांगते.

सांजवेळ
(कुकर लावलाय, पटकन लिहिते) कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांच्या समाध्या), खाली नदी. मला फार आवडलेला फोटो. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "पाणी सांडतंय गं उजवीकडे." पाण्याची रेघ तिरकी! तेव्हापासून कॅमेऱ्यात ग्रिड लावल्याशिवाय बटण दाबत नाही. राग तेव्हा आला होता. अजून थोडा आहे.

बिनकामाचा
आमच्या साहेबांनी माझा रालामंडल टेकडीचा पावसाळी फोटो बघून विचारलं, "हा कॉम्प्युटरबरोबर आलेलाच ना?" कौतुक समजून घेतलं.

पोहेजिरावन
@बिनकामाचा कौतुकच आहे. विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरची ती हिरवी टेकडीसुद्धा खरा फोटोच होता. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात फिल्मवर काढलेला. मी कित्येक वर्षं चित्र समजत होतो. आणि त्यात बघा, मोकळं आकाश आणि मोकळं गवत, आयकॉन कुठेही टाका. कागदावर रिकामा वाटणारा फोटो डेस्कटॉपवर शोभतो.

गुळाचागणपती
@रीगलचौक मला वाटतं तुमची चूक नव्हतीच. जुना कॅमेरा म्हणजे फोटो ४:३ (रुंदी:उंची). मॉनिटर १६:९. 'फिल' निवडलं की रुंदी भरायला वरखालून मिळून पाव फोटो कापला जातो. 'फिट' करा, बाजूला काळे पट्टे येतील पण मजला परत येईल. मूळ फाइल उघडून बघा ना.

सांजवेळ
तीन शिट्ट्या झाल्या. आले.

रीगलचौक
@गुळाचागणपती उघडली. मोजले. सात! वर थोडं आकाशसुद्धा. इतकी वर्षं उगाच मान खाली घातली. फक्त सातव्याच्या डोक्यावरून विजेची तार गेलीय, आडवी, जाड. ती काही आजीनं सोडली नसती.

मुठेकाठी
शनिवारी इंदूरहून पुण्याला कुणी येतंय का? किलोभर गराडू. कच्चा चालेल.