मदत हवी आहे: हंटर नदीत खाणींचं खारं पाणी सोडायचा हिशेब कसा करतात?

नदीकाठ:
ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या हंटर नदीत कोळसा खाणी आणि वीजकेंद्रं ठरवून, वाटून खारं पाणी सोडतात. १९९५ला प्रयोग सुरू झाला, २००२मध्ये त्याचा नियम झाला. एकूण १००० क्रेडिट (क्षार सोडायच्या हक्काचे वाटे) असतात आणि खालच्या अंगाच्या सिंगलटन गावी नदीची वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते, यावरून क्षार किती ते कळतं) सेंटीमीटरला ९०० मायक्रोसीमेन्सच्या वर जाऊ द्यायची नाही, इथवर समजलं. पण ‘ब्लॉक’ म्हणजे नेमकं काय, आणि अमुक क्रेडिट असलेल्या खाणीने त्या दिवशी किती पाणी सोडायचं, हे आकड्यांत जमत नाहीये. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा खाणींसाठी असं काही सुचवणारं टिपण करायचं आहे. कृपया उदाहरण सोडवून दाखवा.

क्षारमापक:
सिंगलटनवरून २४ तासांत जेवढं पाणी जातं तो एक ब्लॉक. तो वरच्या अंगाला असतानाच त्याला क्रमांक मिळतो: वर्ष, आणि तो सिंगलटनला पोचेल तो त्या वर्षातला कितवा दिवस. म्हणून खाणीने कॅलेंडरचा दिवस धरायचा नाही. तो ब्लॉक आपल्या सांडव्यासमोरून जात असेल तेव्हाच पाणी सोडायचं. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सिंगलटनच्या टप्प्यात प्रवाह दिवसाला २००० मेगालिटरच्या खाली असेल तर एक थेंबही सोडायचा नाही. २००० ते १०,००० असेल तर क्रेडिटप्रमाणे. त्याच्या वर पूर धरतात, तेव्हा क्रेडिटचं बंधन नाही, पण ९००ची मर्यादा राहतेच. नदीच्या वरच्या अंगाला डेनमन गावी मर्यादा ६००ची आहे.

आता हिशेब. समजा प्रवाह ३००० मेगालिटर आणि नदीची मूळ वाहकता ६००. शिल्लक जागा ३००. तिला ०.६ने (वाहकतेवरून क्षार काढायचा गुणक) गुणलं की लिटरमागे १८० मिलिग्रॅम क्षार. गुणिले ३००० मेगालिटर, म्हणजे सगळ्यांना मिळून ५४० टन. एक क्रेडिट म्हणजे त्यातला हजारावा हिस्सा, तेव्हा २० क्रेडिटवाल्या खाणीला १०.८ टन. खाणीच्या पाण्याची वाहकता ५००० असेल तर एका मेगालिटरमध्ये ३ टन क्षार. म्हणजे सोडता येईल ३.६ मेगालिटर, ३६ लाख लिटर.

कमी पडलं तर दुसऱ्याकडून क्रेडिट घेता येतात. दर दोन वर्षांनी २०० क्रेडिट संपतात आणि तेवढेच नव्याने लिलावात निघतात, त्यामुळे जुन्या खाणींचा कायमचा मक्ता होत नाही. मला या योजनेतली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

सम्पवाला:
वरचा हिशेब बरोबर आहे, पण प्रत्यक्षात तो मोजमापात फसतो. तापमान एका अंशाने वाढलं की वाहकता साधारण २ टक्क्यांनी वाढते. वाचन २५ अंशांवर आणलेलं नसेल तर मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या पाण्यात २० टक्के चूक ठरलेली. प्रोबवर (पाण्यात बुडवायच्या मोजणीच्या कांडीवर) पांढरी खपली आणि शेवाळ धरतं आणि आकडा हळूहळू घसरतो. तो खोटा आकडा बघून माणूस जास्त पाणी सोडतो.

दुसरं, साठवण तळ्यात पावसानंतर गोडं पाणी वर आणि जड खारं पाणी तळाशी राहतं. पंपाचं तोंड तळाशी असेल तर वर घेतलेला नमुना काहीच कामाचा नाही. वाहकता सांडव्याच्या पाइपवरच, सतत मोजायची.

०.६ हा गुणकही पाण्यागणिक बदलतो. सल्फेट जास्त असेल तर तो चढतो. प्रयोगशाळेतून एकूण विरघळलेले क्षार काढून आपला गुणक ठरवा.

नदीकाठ:
फार आभारी आहे. वर्ध्याला हे जसंच्या तसं चालेल का?

क्षारमापक:
जसंच्या तसं नाही. आपल्याकडे कोळसा खाणींना तरंगता गाळ लिटरमागे १०० मिलिग्रॅम, सामू ५.५ ते ९, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. त्या पाइपच्या तोंडाशी लागतात. ऑगस्टच्या पुरात आणि मेच्या धारेत त्याच. नदीत किती पाणी आहे हे त्या विचारत नाहीत, आणि तुमच्या टिपणाचा भर इथेच हवा. मात्र क्रेडिट फक्त विरघळलेल्या क्षारांना लावा. गाळ वाटेत बसतो, जड धातू गाळात साठतात. त्यांची देवाणघेवाण करू देणं धोक्याचं आहे.

साठवणीचा आकडा आधी मांडा. खाण रोज ५ मेगालिटर उपसत असेल आणि १२० दिवस सोडणं बंद असेल, तर ६०० मेगालिटर साठवायला हवेत. तळं ४ मीटर खोल धरलं तरी १५ हेक्टर जागा. विदर्भाच्या उन्हात पाणी उडतं, क्षार मागे राहतात. तेव्हा जूनमध्ये तळ्याची वाहकता नव्याने मोजायची, जानेवारीचा आकडा वापरायचा नाही.

सम्पवाला:
आणि खालच्या गावांच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी नदीपात्रातच असतील तर मर्यादा सांडव्याखाली नाही, त्या विहिरीपाशी ठरवा. तिथे आणि खाणींच्या वरच्या अंगाला, दोन्हीकडे तासातासाला प्रवाह आणि वाहकता नोंदणारं यंत्र किमान वर्षभर हवं, उन्हाळा धरून.