अँग्लिकन चर्च वाढतंय की घटतंय? मोजायचं तरी कसं

कोरा_कागद: जगात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधून निघालेला ख्रिस्ती पंथ) साडेआठ कोटी असं सगळीकडे वाचतो, आणि दुसरीकडे इंग्लंडमधली चर्चं ओस पडलीत म्हणे. सदस्य म्हणजे नक्की कोण धरतात, बाप्तिस्मा झालेला, रविवारी येणारा, की जनगणनेत तसं सांगणारा?

गणितवाला: तिथेच तर घोळ आहे राव. साडेआठ कोटीत एकट्या इंग्लंडचे २.६ कोटी धरतात, म्हणजे बाप्तिस्मा झालेले, मग तो माणूस डोक्यावर पाणी पडल्यावर परत चर्चची पायरी चढलेला नसला तरी. तिथली २०२३ ची आठवड्याची सरासरी हजेरी बघा, मुलं धरून ६ लाख ८५ हजार! कॅनडात उलटी गंमत, २०१७ ला चर्चच्या याद्यांवर ३ लाख ५७ हजार आणि २०२१ च्या जनगणनेत स्वतःला अँग्लिकन म्हणवणारे ११ लाखांवर.

वाटसरू: आफ्रिकेत वाढ आहे ते ठीक, पण नायजेरियात १९६३ नंतरच्या जनगणनांत धर्म विचारलेलाच नाही, म्हणजे तिथले कोटींचे आकडे चर्चने स्वतःच सांगितलेले. युगांडात मात्र पंथही विचारतात. २००२ ला अँग्लिकन ३६ टक्क्यांच्या आसपास, २०१४ ला ३२. पण मधल्या काळात देशाची लोकसंख्याच २.४ वरून ३.४६ कोटींवर गेली, त्यामुळे डोकी वाढून १.१ कोटी झाली. मी तरी याला घट म्हणेन, कारण त्याच काळात पेंटेकॉस्टल (दुसरा एक ख्रिस्ती पंथ) ११ टक्क्यांवर गेले, माणसं तिकडे सरकत असावीत.

कोरा_कागद: मग हजेरीच धरावी ना, सरळ काम

गणितवाला: तीही फसवते हो. दर रविवारी येणारा महिन्यातून दोनदाच यायला लागला की माणसं तेवढीच आणि हजेरी निम्मी. म्हणून इंग्लंडात २०१२ पासून 'वर्शिपिंग कम्युनिटी' पण मोजतात, महिन्यातून एकदा तरी येणारे, ते साधारण १० लाख भरतात. आणि तिथल्या इलेक्टोरल रोलवरून (चर्चच्या सभेत मत देऊ शकणाऱ्यांची यादी) तर अजिबात निष्कर्ष काढू नका, तो दर ६ वर्षांनी कोरा करून नव्याने भरतात, त्या वर्षी आकडा धाडकन पडतो आणि पेपरवाले लगेच बोंब मारतात. एकच माप धरून दहा-वीस वर्षं बघा, आणि लोकसंख्या शेजारी ठेवा.

साखरपाणी: अजून एक, चर्च ऑफ साउथ इंडिया १९४७ ला अँग्लिकन, मेथडिस्ट वगैरे पंथ एकत्र येऊन झालं, ते अँग्लिकन कम्युनियनमध्येही (जगभरच्या अँग्लिकन चर्चांचा संघ) आहे आणि मेथडिस्टांच्या जागतिक परिषदेतही. तेच सदस्य दोन्हीकडे मोजले जातात :)