मदत हवी आहे: मूसच्या शिकारीला कुठलं कॅलिबर (म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस) घेऊ? ६.५, ३०८ की ९.३

नमस्कार मंडळी,

धागा मूसच्या (इथलं घोड्याएवढं थोराड हरीण) शिकारीचा आहे, ज्यांना विषयच नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर माझ्यावर चिडू नका.

मी स्वीडनमध्ये स्मोलांड भागात राहतो, वेक्शोपासून वीसेक किलोमीटरवर. आधी शहरात फ्लॅट होता, मग बायकोच्या हट्टापायी खेड्यात जुनं लाल लाकडी घर घेतलं आणि शेजार मिळाला तो सगळा शिकाऱ्यांचा. इथे गावागावात शिकारीची टोळी असते, याक्तलाग म्हणतात, आपल्याकडे कोकणात पूर्वी अख्खी वाडी पारधीला निघायची तसलाच प्रकार, फक्त हाकाऱ्यांच्या जागी कुत्रा असतो आणि सगळ्यांच्या डोक्यावर भडक नारिंगी टोपी, कानात रेडिओ. दोन हंगाम मी नुसता हमाल म्हणून गेलो, मेलेला मूस जंगलातून ओढून आणायला माणसं कमीच पडतात हो. गेल्या हिवाळ्यात शिकारीची परीक्षा दिली, लेखीला ७० प्रश्न, पैकी ६० बरोबर यावे लागतात, स्वीडिश भाषेत बदकांची नावं पाठ करताना दहावीची आठवण झाली. मग नेमबाजीची परीक्षा, तीही एकदाची झाली.

आता प्रश्न रायफलचा. इथे सरसकट परवाना मिळून मग हवी ती बंदूक घेता येत नाही, परवाना त्या एका ठरावीक बंदुकीचा असतो, म्हणजे आधी बंदूक ठरवायची, मग पोलिसांकडे अर्ज, मग वाट बघायची. त्यामुळे घेऊन बघू, नाही जमलं तर बदलू असं होत नाही. आमच्याकडचा हंगाम ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतो.

कायद्याचं सांगतो म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपं जाईल. मूसला क्लास १ चं काडतूस लागतं, म्हणजे फुलणारी (अंगात शिरल्यावर टोक पसरणारी) गोळी, वजन निदान ९ ग्रॅम आणि १०० मीटरवर आदळण्याची ताकद निदान २७०० ज्यूल, किंवा मग १० ग्रॅम नि त्याच्यावर असेल तर २००० ज्यूलला चालतं. आता टोळीत तीन पंथ आहेत:

शेजारचे आजोबा (वय ७८, आम्ही आजोबाच म्हणतो) म्हणतात ६.५×५५ घे, त्यांच्याकडे जुन्या लष्करी माउझरची शिकारीसाठी बदललेली रायफल आहे, ते काडतूस १८९४ चं, आणि त्यांनी आयुष्यभर मूस त्याच्यावरच पाडले. टोळीचा म्होरक्या म्हणतो ९.३×६२ शिवाय बोलूच नकोस, १८.५ ग्रॅमची गोळी, मूस जागेवर बसतो. आणि माझ्या वयाचे सगळे म्हणतात गप ३०८ घे आणि झोप. एक जण थर्टी-ऑट-सिक्सवाला (.३०-०६, आणखी एक काडतूस) पण आहे पण तो कोणाशी फारसं बोलत नाही.

माझ्या अडचणी: मी डावखुरा आहे. मूसबरोबर रानडुकरंही मारायची आहेत, स्मोलांडात उच्छाद आहे नुसता, आमचं बटाट्याचं वावर एका रात्रीत नांगरून टाकलं. अंतरं छोटी, ४० ते ८० मीटर, दाट सूचिपर्णी जंगल. घरात दोन लहान मुलं हेच मांस खाणार, त्यामुळे शिशाच्या ऐवजी तांब्याची गोळी वापरावी असं मनात आहे. आणि खरं सांगायचं तर म्होरक्याच्या ९.३ वर पाच बार टाकले तेव्हा खांदा दोन दिवस दुखत होता, पण हे टोळीत बोललो नाहीये.

आजोळी शेतीरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, वानर-डुकरांसाठी. बंदुकीशी लहानपणीची ओळख तेवढीच, बाकी कोरी पाटी. जाणकारांनी सांगा.

– वेक्शोकर

▪ बर्फाळ_कोल्हापुरी:

भावा, मी फिनलंडात हाय, औलूच्या वर, सहा मूस झालेत माझे, तेवढ्या अधिकारानं बोलतो. तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटाला टाकलीस, ती खांद्याची. बाकी ज्यूल-बिल ऱ्हाऊ दे बाजूला.

मूस मोठं जनावर असलं तरी गेंडा न्हाई. पुढच्या पायाच्या मागं, छातीच्या खालच्या निम्म्यात, दोन्ही फुप्फुसातनं गोळी गेली की ६.५ असो का ९.३, ते मरतंय. फुप्फुसात बसलेला मूस बऱ्याचदा दचकत पण न्हाई, चाळीस-पन्नास मीटर चालत जातो, थांबतो, डुलतो नि पडतो. ९.३ नं दहा मीटर अलीकडं पडंल, बास. पण गोळी पोटात बसली तर ३७५ मॅग्नमसारखं हत्तीवरचं काडतूस घेऊन गेलास तरी रात्रभर माग काढत बसशील. आणि गोळी पोटात का बसती? चाप ओढायच्या आधीच माणूस दणक्याला घाबरून अंग आवळतो म्हणून.

९.३ चा दणका ६.५ च्या दुपटीच्या वर हाय, सारख्या वजनाच्या बंदुकीत. ते काडतूस १९०५ ला बर्लिनच्या ओटो बॉकनं काढलं ते आफ्रिकेतल्या जर्मन लोकांसाठी. चांगलंच काडतूस हाय, मी वाईट म्हणत न्हाई, पण तुज्या बटाट्याच्या वावरात हत्ती येत न्हाईत.

एक काम कर. आजोबांना घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जा. त्यांना म्हणावं बंदूक तुम्ही भरून द्या, कधी खरं काडतूस, कधी नकली, मला सांगू नका. नकलीवर चाप ओढलास की नळीकडं बघ. बाकीचं मग बोलू.

▪ कॅलगरीकर:

इकडे कॅनडात, अल्बर्टात लोक मूसला सेव्हन एमएम मॅग्नम, थ्री हंड्रेड विन मॅग असलं काहीबाही जास्त ताकदीचं वापरतात, पण आमच्याकडे शेताच्या कडेला २५०-३०० मीटरवरचा बार असतो आणि इथला मूस अंगानेही तुमच्या स्वीडनवाल्यापेक्षा मोठा. ते ऐकून मॅग्नम घेऊ नका. ८० मीटरला ३०८ म्हणजे भरपूर झालं. मी स्वतः थर्टी-ऑट-सिक्सवाला, १९०६ चं काडतूस आहे पण अजून कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतं, हा मुद्दा लोक विसरतात. रविवारी संध्याकाळी काडतुसं संपली तर काय मिळेल ते आधी बघा, तुमच्या गावातल्या दुकानाच्या फळीवर जाऊन प्रत्यक्ष बघा.

▪ शाकाहारी_वाघ:

मुक्या जनावराला मारायला कुठली गोळी चांगली याची चर्चा मराठीत वाचावी लागेल असं वाटलं नव्हतं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे ते बरं आहे.

▪ वेक्शोकर:

@शाकाहारी_वाघ, पहिलीच ओळ तुमच्यासाठी लिहिली होती की राव. भांडत नाही, फक्त एवढंच, इथे मूस दुर्मीळ नाहीत. १९८२ च्या एका वर्षात स्वीडनमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले होते इतके वाढले होते, पाईनची रोपं खाऊन फस्त आणि रस्त्यावर गाड्यांना धडका. आता भागाभागात कोटा ठरतो. मादीसोबत पाडस असेल तर आधी पाडस, आईला आधी हात लावायचा नाही. आणि जखमी मूस सुटला तर माग काढणारा कुत्रा दोन तासांत जागेवर आणता आला पाहिजे असा नियमच आहे.

@बर्फाळ, शनिवारी जातो रेंजवर.

▪ मसालेवाली:

मी बंदूकवाली नाही, मी शिजवणारी, नवरा जातो शिकारीला (आम्ही उत्तर स्वीडनमध्ये उमिओला असतो). शिशाबद्दल बोलते. शिशाची गोळी आत फुटून बारीक कण मांसात लांबवर पसरतात, डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळे जखमेभोवतीचं मांस हात सैल सोडून कापून टाकावं लागतं, नवऱ्याला जीव तुटायचा तेव्हा. लहान मुलं आहेत म्हणताय तर तांब्याकडेच जा, ती गोळी फुलते पण तुकडे फारसे होत नाहीत.

फक्त एक गोष्ट नवऱ्याला विचारून लिहिते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच लांबीची गोळी वजनाला कमी भरते. ६.५ मध्ये तांब्याच्या बऱ्याच गोळ्या ८ ग्रॅमच्या आसपास असतात, तुम्हीच वर ९ ग्रॅमचं लिहिलंय, तेव्हा पेटी घ्यायच्या आधी वजन आणि क्लास दोन्ही दुकानदाराकडून वदवून घ्या. ३०८ मध्ये १०.७ ग्रॅमची तांब्याची गोळी मिळते, तिथे हा घोळच नाही.

आणि मूसचं मटण कोरडं असतं, चरबी नाहीच. सुक्कं करणार असाल तर आधी कुकरला चांगल्या पाच-सहा शिट्ट्या, नाहीतर दात दुखतील.

▪ वेक्शोकर:

जाऊन आलो. सविस्तर लिहितो कारण मला स्वतःलाच धक्का बसलाय.

आजोबांनी त्यांची ६.५ आणली, म्होरक्याने कुरकुरत का होईना ९.३ दिली आणि स्वतःही आला, ऑफिसातल्या एकाने ३०८ आणली, टिक्का कंपनीची, सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचा आवाज दाबणारा नळकांडा) लावलेली. (हो, टिक्का. फिनिश आहे. पनीरचे सगळे विनोद आमच्या घरात करून झालेत.) आजोबा पाठ करून बंदूक भरायचे आणि माझ्या हातात द्यायचे, खरं की नकली काही कळायचं नाही.

९.३ वर पहिलं खरं होतं, ठीक बसलं. दुसऱ्याला मी श्वास सोडला, चाप ओढला आणि नुसतं ‘टक’ झालं. आणि त्या शांततेत मी बघतोय की नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलंय आणि माझे डोळे मिटलेले आहेत. बार झालाच नाही तरी मी दणका खाऊन मोकळा! आजोबा काही बोलले नाहीत, थर्मास उघडून कॉफी ओतायला लागले. म्होरक्याही गप्प. नंतर म्हणाला, पहिली दोन वर्षं माझंही असंच व्हायचं, कोणाला सांगू नकोस. (मराठीत सांगितलं तर चालेल बहुतेक.)

६.५ वर नळी हलली नाही, चार नकलींपैकी एकदाही नाही. ३०८ वर पहिल्या नकलीला थोडी हलली, मग नाही. सप्रेसरने आवाज तर कमी होतोच, दणकाही बराच गिळतो, हे मला माहीत नव्हतं. मग शेवटी पळत्या मूसचं टार्गेट, ८० मीटरवर रुळावरून सरकत जातं ते, त्याच्यावर ३०८ चे आठ बार टाकले, सहा छातीत, एक पुढे हुकला, एक पोटात. पोटातला तो भोकाचा कागद घरी आणून फ्रिजवर लावलाय.

▪ बर्फाळ_कोल्हापुरी:

आता कसं! डोळे मिटले हे कबूल करणारा तू पहिला बघितला. ३०८ घे सप्रेसरसकट, डुकराला पण तेच, तांबं पण बसतंय. ६.५ वर माझं प्रेम हाय पण तुझ्या घरात पोरं हायत, तांब्याच्या गोळीसाठी दुकानं धुंडाळत बसशील. आणि हलकी बंदूक घिऊ नगंस, दुकानदार तीन किलोच्या आतली गळ्यात मारतील. वजन असलं की दणका कमी. ऑक्टोबरपर्यंत पन्नास-साठ बार तरी टाक, टेबलावरनं न्हाई, उभ्यानं.

डावखुऱ्याचं काय झालं?

▪ वेक्शोकर:

डावखुऱ्याचं म्हणजे गंमतच झाली. वापरलेली डावखुरी रायफल बघायला तीन दुकानं फिरलो, एकच होती, आणि ती होती ९.३! म्होरक्याला फोटो पाठवला तर म्हणतो हा संकेत आहे. आजोबा म्हणाले, संकेत नाही, आधीच्या मालकाचा खांदा आहे.

मग नवीनच, डावखुरी ३०८, सप्रेसरसकट, पोलिसांकडे अर्ज परवा गेला. बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट गॅरेजमधून आत आणायला चार माणसं लागली, बायको म्हणते एवढ्यात दुसरा फ्रीजर आला असता, आणि तिचंही बरोबर आहे कारण फ्रीजरमध्ये गेल्या हंगामातलं चार किलो अजून पडलंय. @मसालेवाली ताई, शिट्ट्यांनंतर सुक्क्याला मालवणी मसाला घालू की गोडा? आणि कोणाकडे डावखुऱ्या बोल्टवर (काडतूस आत-बाहेर करायचा दांडा, माझ्या रायफलला डावीकडे) बर्फात जाड हातमोजे घालून चालवायचा अनुभव असेल तर तेवढं लिहा, मला बोल्टची मूठ जरा छोटी वाटतेय.