कोविडमध्ये चालले, मग आता का नको? (काढा पुन्हा तोच विषय)

कडूकाढा:
काल इथे एकाने टाकलंय, "कोविडमध्ये आयुर्वेद-होमिओपॅथीवाले चालले, मग आता त्यांच्या ॲलोपॅथीच्या रजिस्ट्रेशनला विरोध का?" चालले म्हणजे काय हो? मे २०२० मध्ये मुंबईतल्या पंचावन्नच्या आतल्या खासगी डॉक्टरांना पत्रं आली, पंधरा दिवस कोविड ड्यूटी करा नाहीतर लायसन्सवर कारवाई. इतकी टंचाई होती. आचारी आला नाही म्हणून मामाने भात लावला, तर पुढच्या लग्नाची सुपारी मामाला देता का?

वैद्यबुवा_सातारा:
मामाने लावलेला भात पंगतीने खाल्ला की! मी बीएएमएस, आयुर्वेदाचा. कोविड सेंटरला रात्रपाळी, एमबीबीएस एकच तोही फोनवर, ऑक्सिमीटरवर ८२ दिसलं की जम्बो सिलेंडर मीच ढकलत न्यायचो, पीपीई किटमध्ये घामाने बोटं पांढरी पडायची. तेव्हा कुणी डिग्री विचारली नाही. आणि होमिओपॅथांचं सीसीएमपी, म्हणजे ॲलोपॅथीच्या औषधांचा कोर्स, ते वेगळं, आम्हाला त्यांच्या पिशवीत घालू नका.

निशिगंधा:
विचारायला हवी होती. माझ्या सासऱ्यांना ताप आला त्याच दिवशी स्टेरॉइड, शुगर पाचशेवर, पुढे म्युकरची बुरशी, डावा डोळा गेला. डॉक्टर बीएचएमएस, होमिओपॅथीचा.

वैद्यबुवा_सातारा:
ताई, वाईट झालं. पण पहिल्या दिवशी स्टेरॉइड लिहिणारे एमडी पण मी पाहिलेत.

बांधावरून:
स्टेरॉइड सोडा, सलाईनचं बोला!! आमच्या गावात ताप आला की बाटली, अंग दुखलं की बाटली, पिवळी बाटली लावली तर जास्त ताकद. गोळ्या दिल्या तर पेशंट म्हणतो डॉक्टरला काय येत नाय.

कडूकाढा:
लावतो कोण पण?

बांधावरून:
सगळेच. तालुक्याचा एमबीबीएस पण लावतो, तो फक्त दीडशे जास्त घेतो.

निशिगंधा:
आमच्याकडे खिडकीच्या गजाला बाटली टांगतात, सुईला चिकटपट्टी पण धड नसते.

वैद्यबुवा_सातारा:
नाही लावली तर पेशंट शेजारच्या बोगसकडे जातो. शहरात बसून बोलणं सोपं आहे.

कडूकाढा:
झालं, शहर काढलंच. बरं, रात्री दोनला तुम्ही सिलेंडर ढकलत होतात आणि मी घरी टीव्हीवर आकडे बघत होतो, मान्य, हार पाठवतो. पण आणीबाणीतल्या परवानगीवर कधी संपणार ती तारीख हवी की नको? सीसीएमपी तर २०१४ च्या कायद्यातलं, त्याचा कोविडशी संबंधच नाही. एक वर्षाचा कोर्स, भांडायचं तर त्यावर भांडा, कोविडच्या आड कशाला लपता?

वैद्यबुवा_सातारा:
तारीख घाला. पण तारीख संपेपर्यंत काही चुकलं तर केस कुणावर, तेही त्याच कागदावर लिहा. माझ्या ऑर्डरवर नुसतं "पुढील आदेशापर्यंत" होतं.

परिचारिका_नको_सिस्टर_म्हणा:
तुम्हा डॉक्टरांचं चालू द्या. मे २०२१ ला केंद्राने सांगितलं, शंभर दिवस कोविड ड्यूटी करा, सरकारी भरतीत प्राधान्य. माझे एकशे चौदा भरले. सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलंय, अजून एकाही टेबलावर कुणी बघायला मागितलं नाही.