कळफलकाचे दुखणे कळफलकातच मिटवावे काय?

म्हापसेकर : एक कळ दाबल्यावर अक्षर दोनदा उमटत असेल, तर दुसरे गाळणारी ऑटोहॉटकीची (विंडोजवर कळांचे काम बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची) स्क्रिप्ट बसवा, हा काल इथे दिला गेलेला सल्ला वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. स्विचमधील धातूचे पत्रे थरथरतात, म्हणून एका ठोक्याचे दोन होतात. ते कळफलकाच्या आतच गाळले पाहिजेत. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कळफलकाच्या आत चालणाऱ्या आज्ञावलीत, डिबाउन्स (थरथर थांबेपर्यंत वाट पाहण्याचा वेळ) मुळात ५ मिलिसेकंद असतो. तो वाढवून फर्मवेअर पुन्हा फ्लॅश केले, म्हणजे कळफलकात भरले, की तोच कळफलक कोणत्याही संगणकावर, अगदी विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसमध्येही, नीट चालतो. स्क्रिप्ट मात्र लॉगिननंतर जागी होते. पासवर्डमध्ये एक ठिपका जास्त पडला, तर तिचा काय उपयोग?

फोंडेकर : कार्यालयातून मिळालेल्या साध्या कळफलकाचे फर्मवेअर आपणांस कोण उघडून देणार आहे? शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत संपर्क गंजतात. पणजीत समुद्रकाठच्या मिरामारला राहत असताना माझा स्पेसबार एका दाबात दोन-तीन जागा सोडू लागला. डिबाउन्स वाढवून थोडे दिवस निभावले, शेवटी स्विचच बदलावा लागला. आणि मराठीचे काय? कळफलक केवळ कळेचा क्रमांक पाठवतो. त्याचा मराठी ‘क’ करायचा की इंग्रजी ‘के’ (k), हे संगणकच ठरवतो.

म्हापसेकर : क्यूएमके युनिकोडही, म्हणजे थेट देवनागरी अक्षरही, पाठवू शकते, हे आपल्या वाचनात आलेले दिसत नाही.

डिचोलीची वाचक : पाठवते, पण विंडोजसाठी एक रीत, लिनक्ससाठी दुसरी, मॅकसाठी तिसरी, त्यातही विंडोजवर विनकंपोज हे सॉफ्टवेअर बसवा, नाहीतर रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या नोंदी) बदला. म्हणजे सॉफ्टवेअरला नाके मुरडून पुन्हा त्याच्याच दारात. १९९१च्या भारतीय मानकात आलेला इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळांचा आराखडा शिकायचा आळस, रोमनच्या कुबड्या घेऊन मराठी लिहायचे, आणि उपदेश मात्र आम्हांला!

म्हापसेकर : ‘कुबड्या’ हा शब्द मागे घ्यावा, लिप्यंतराने लिहितो म्हणून माझे मराठी उणे ठरत नाही. युनिकोडचा मुद्दा आपण जिंकलात, अभिनंदन. तरीही ‘दऱ्या’मधील ‘ऱ्’साठी आपल्याच लाडक्या इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे आणि मग डी दाबावी लागते, ते ठोके मॅक्रो करून, म्हणजे एकत्र बांधून, एका कळेवर ठेवण्याचे काम फर्मवेअर चोख करते.

डिचोलीची वाचक : शब्द मागे घेणार नाही. मॅक्रो मात्र पाठवावा.

फोंडेकर : मलाही पाठवा, आणि कार्यालयाच्या कळफलकात तो कोठून घालायचा, तेही सोबत कळवा.